पेन्सिलीतले गुण

फ्रेजल व्हर्ब नावाचा एक प्रकार इंग्रजीत असतो. साधंसुधं क्रियापद घ्यायचं, त्याला 'अप', 'आउट', 'ऑफ' असलं एक शेपूट लावायचं, की अर्थ भलतीकडेच पळतो. मी ही शेपटं गेली बावीस वर्षं शिकवतोय. माझ्या नववीच्या नोट्समध्ये अशी चाळीस क्रियापदं आहेत आणि त्यांतलं तेविसावं 'मिक्स अप'. अर्थ, गल्लत करणे, एकाच्या जागी दुसरं समजणे. उदाहरण, मी त्या जुळ्या बहिणींची नेहमी गल्लत करतो. हे वाक्य पहिल्या वर्षी मी कुठल्याशा गाइडातून उचललं आणि पुन्हा कधी बदललं नाही. माझ्या ओळखीत जुळ्या बहिणी नाहीत, कधी नव्हत्या. तरी ग्वाल्हेरातल्या काही हजार मुलांनी माझ्या सांगण्यावरून त्यांची गल्लत केली आहे. ज्याने स्वतःचं वाक्य लिहिलं त्याचा मी अर्धा गुण कापला. स्वतःचं वाक्य तपासायला डोकं लागतं, आणि गठ्ठा तर संध्याकाळपर्यंत संपवायचा असतो.

आमच्या गावात या क्रियापदाचे आणखी दोन उपयोग चालतात. मराठी समाजाच्या कोजागिरीला एखादी सासू म्हणते, "सून चांगली आहे हो, पण जास्त मिक्स-अप नाही होत." म्हणजे सून चारचौघींत मिसळत नाही. मी घरी येऊन या वाक्याची टिंगल करायचो. माझी बायको एकदा म्हणाली, "त्यांना काय म्हणायचं होतं ते तुम्हाला कळलं ना? मग झालं तर." मी तिलाही हसलो होतो. ज्या माणसाने बावीस वर्षांत स्वतःचं एक वाक्य केलं नाही, तो दुसऱ्यांच्या इंग्रजीला हसायचा.

तिसरा उपयोग कचेऱ्यांतला. बँकेत तुमचा अर्ज हरवला, मिक्स-अप झालं. मिठाईवाल्याने लग्नाचे पेढे बारशाला पाठवले, मिक्स-अप हो गया भाईसाब. सकाळी गवतावर दव पडावं तसं हे मिक्स-अप आपलं आपण पडतं, कुणी टाकत नाही. या तिसऱ्या उपयोगाचा मला सर्वांत तिटकारा होता. आणि तोच मी एकदा आधीपासून ठरवून, हिशेबाने वापरला. ते सांगण्यासाठीच हे लिहितोय.

मी थाटीपूरच्या बाजूच्या एका खासगी शाळेत इंग्रजी विभागाचा प्रमुख आहे. प्रमुख म्हणजे कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. शाळेचे संचालक आमच्याच समाजातले, जुन्या दरबारी घराण्यातले. मीही तसाच. आमचे पूर्वज दख्खनेतून इकडे आले ते महाराजांच्या दफ्तरात कलम चालवायला. फौजेतले मराठे तलवारी घेऊन आले, आम्ही दौती घेऊन आलो. तलवारी केव्हाच गेल्या, पण समाजाच्या गणपतीत पहिल्या दोन रांगांतल्या खुर्च्या अजून दौतवाल्यांच्याच. तिथे मागे बसलेल्यांकडे वळून हसायचं आणि पुन्हा पुढे बघायचं, एवढं मिसळणं आम्हाला पुष्कळ होतं. आमच्यापैकी कुणी राज्य चालवलं नाही. आम्ही फक्त कागद इकडचा तिकडे केला, आणि तो इतक्या सफाईने केला की त्यालाच आम्ही संस्कृती म्हणू लागलो.

शाळेत नवीन शिक्षक घ्यायचा तर डेमो घेतात. उमेदवार वर्गावर वीस मिनिटं शिकवतो, विभागप्रमुख मागे बसून तक्ता भरतो. या तक्त्याची आमच्याकडे एक रीत आहे. शेरा पेनाने लिहायचा, गुण पेन्सिलीने. मी नवीन होतो तेव्हा जुन्या प्रमुखांना कारण विचारलं होतं. ते म्हणाले, "बाबा रे, शेरा कुणी वाचत नाही, तो राहू दे पक्का. गुणांवरच सगळं ठरतं, म्हणून ते कच्चे ठेवायचे." संचालकांशी बोलणं झालं की गुणांवर पेन फिरवायचं. मला तेव्हा हे फार व्यवहारी वाटलं होतं.

गेल्या फेब्रुवारीत इंग्रजीची एक पक्की जागा निघाली. उमेदवार दोघीच. पहिल्या मॅडम आमच्याच शाळेत सहा वर्षं तात्पुरत्या होत्या. दर एप्रिलला नेमणूक, दर मार्चला संपली. थाटीपुरात भाड्याच्या दोन खोल्या, नवरा दाल बाजारात एका ठोक दुकानात माल तोलायला, एक मुलगी. फौजी मराठ्यांचं घर. वय चौतीस, आणि खासगी शाळांत पस्तिशीनंतर नवीन माणूस घेत नाहीत हे त्यांना माहीत होतं. ही जागा मिळाली तर आयुष्याचा प्रश्न सुटणार होता. नाही मिळाली तर त्या मार्चअखेर बाहेर, कारण तात्पुरती जागाच पक्की होत होती. हे शाळेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही होतं.

दुसऱ्या उमेदवार संचालकांच्या मेव्हण्याच्या सूनबाई. नुकत्याच इंदूरहून आलेल्या.

डेमोसाठी विषय मी दिला, 'मिक्स अप'. विचार करायला नको म्हणून दिला.

पहिल्या मॅडमनी कापडी पिशवीतून दोन स्टीलचे डबे आणि एक ताट काढलं. डब्यांत डाळी, एकात तुरीची, दुसऱ्यात हरभऱ्याची. सहावीचा वर्ग होता. त्यांनी दोन मुठी ताटात ओतल्या, हात फिरवला आणि इंग्रजीत विचारलं, मी काय केलं? मुलं ओरडली, मिक्स! एक मुलगा उठून म्हणाला, "मैम, हमारी मम्मी तो रोज़ मिलाती हैं। पाँच-पाँच दालें!"

"तो मम्मी को कुछ सिखाने मत जाना," मॅडम म्हणाल्या, "वो सही कर रही हैं।"

वर्ग हसला. मग त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि दोन डबे पुढे सरकवले. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी होती. एका मुलीला बोलावून त्यांनी चिठ्ठ्या अदलाबदल करायला लावल्या. आता बघा, त्या म्हणाल्या, तूर तुरीच्याच डब्यात आहे, हरभरा हरभऱ्याच्या. एक दाणा इकडचा तिकडे झालेला नाही. तरी आज हिच्या घरी वरण बिघडणार. हे मिक्स अप. डाळींनी काही केलं नाही. कुणी केलं?

"इसने!" सगळा वर्ग त्या मुलीकडे बोट दाखवून ओरडला. मुलगी लाजून डेस्काखाली गेली.

मागच्या बाकावर बसून मी ऐकत होतो, आणि मला पहिल्यांदा नीट कळलं की 'मिक्स' आणि 'मिक्स अप' यांत फरक काय. बावीस वर्षं शिकवून मला तो असा सांगता आला नसता. तक्त्यावर मी पेनाने लिहिलं, 'साधनाचा वापर अत्यंत प्रभावी. संकल्पना पूर्ण स्पष्ट. या विषयावर मी पाहिलेला सर्वोत्तम पाठ.' हे शब्द लिहिताना मी मनापासून लिहीत होतो, एवढं माझ्या बाजूने सांगतो. माझ्या बाजूने सांगण्यासारखं या गोष्टीत दुसरं काही नाही. गुण पेन्सिलीने लिहिले, पन्नासपैकी सेहेचाळीस.

दुसऱ्या मॅडमनी स्मार्टबोर्ड लावला. पडद्यावर एक मिक्सर गरगर फिरला, त्यात केळी आणि आंबे पडले. मग अर्थ आला, मग उदाहरण. मी त्या जुळ्या बहिणींची नेहमी गल्लत करतो. माझ्या नोट्स त्यांच्यापर्यंत पोचल्या होत्या. त्या घाबरलेल्या होत्या, मुलांकडे बघतच नव्हत्या. माणूस वाईट नाही, पण मुलांना त्या दिवशी काही मिळालं नाही. मी लिहिलं, 'मजकूर घोकलेला. मुलांशी संवाद नाही.' गुण एकोणतीस.

संध्याकाळी संचालकांनी बोलावलं. चहा मागवला. घरचं विचारलं. मग म्हणाले, "सरजी, एक सांगू? सूनबाई घरची आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. पण मी काही बोलणार नाही हं. बिलकुल नाही. तुमच्यावर सोडून दिलं."

मी मान हलवली.

"गुण अजून पेन्सिलीतच आहेत ना?" त्यांनी विचारलं, आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

एवढंच. धमकी नाही, आमिष नाही. मला बढती मिळणार नव्हती, उपप्राचार्याची जागा रिकामी नव्हती. पुष्कळ दिवस मी माझ्या वागण्याला कारण शोधत होतो, म्हणजे निदान कशासाठी विकलो गेलो ते तरी कळावं. काही सापडलं नाही. त्यांनी 'तुमच्यावर सोडून दिलं' म्हटलं आणि मला बरं वाटलं. एका दौतवाल्याने दुसऱ्या दौतवाल्याच्या पाठीवर हात ठेवला. मी फुकट गेलो.

विभागाच्या खोलीत येऊन मी दार लोटलं आणि खोडरबर काढला. कारकुनीची अक्कल पिढ्यान्‌पिढ्यांची, ती अशा वेळी आपोआप कामाला येते. मी नवे गुण शोधून काढत बसलो नाही. सेहेचाळीस इकडचे तिकडे लिहिले, एकोणतीस तिकडचे इकडे. पेनाने. अदलाबदल करण्यात शहाणपण असं होतं, की पुढे कधी कुणी हरकत घेतली तर सांगता येतं, मिक्स-अप झालं. दोन तक्ते शेजारी शेजारी होते, आकडा चुकून या जागी त्या जागी पडला. म्हणजे गुन्हा करण्याआधीच त्याची सबब मी घडी घालून खिशात ठेवली होती. शेऱ्यांना मात्र हात लावला नाही. लावायचं सुचलंच नाही. शेरा कुणी वाचत नाही, हा धडा माझ्यात इतका मुरला होता की मी स्वतः त्याच दिवशी लिहिलेला शेराही वाचला नाही. 'सर्वोत्तम पाठ' या शब्दांच्या खाली एकोणतीस हा आकडा घालून मी कागद फायलीत लावला आणि घरी जाऊन जेवलो. जेवणही गेलं.

आठवड्याने निकाल लागला. पहिल्या मॅडम मला व्हरांड्यात भेटल्या. रडल्या-बिडल्या नव्हत्या. हातात वही आणि पेन.

"सर, एक विचारू? माझं कुठे कमी पडलं ते सांगा ना. पुढच्या वेळी सुधारता येईल."

त्या वेळी माझ्यापुढे तीन वाटा होत्या. खरं सांगणं, गप्प बसणं, किंवा 'गोपनीय असतं' म्हणून सुटणं. तिसरी वाट अगदी सोपी होती. पण गुरुजींना सल्ला द्यायची खोड. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "तसा पाठ ठीक होता. पण डाळी वगैरे... जरा गावठी वाटतं मॅडम. आता शाळांना टेक्नॉलॉजी पाहिजे. तुम्ही स्मार्टबोर्डवर हात बसवा."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. माझ्यासमोर. 'स्मार्टबोर्ड' या शब्दाखाली रेघ ओढली.

"थँक्यू सर. खरं कुणी सांगतच नाही."

मार्चअखेर त्या गेल्या. स्टाफने त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. चार शब्द मी बोललो, आणि त्यांत 'सर्वांत मिळून-मिसळून राहणाऱ्या' हेही म्हणालो. टाळ्या पडल्या.

त्यानंतर मी काही फार तळमळलो असं सांगितलं तर तेही खोटं होईल. अपराधाची भावना मला लहानपणापासून आहे, मी तिच्यासोबत छान जगतो. दर सोमवारी शंकराला जातो, चुका आठवतो, हात जोडतो, आणि घरी येऊन पोहे खातो. माझ्यासारखी माणसं पश्चात्ताप करतात तो असा, आंघोळीसारखा. रोज करायचा आणि रोज मळायचं.

जुलैत एका शनिवारी महाराज बाड्यावर गेलो होतो. बँकेचं काम झालं, मागच्या गल्लीत झेरॉक्सवाल्याकडे कागद काढायला थांबलो. काउंटरपाशी पहिल्या मॅडम उभ्या होत्या. समोर रंगीत प्रिंट पसरलेले. एका प्रिंटवर मिक्सर होता. त्यात केळी आणि आंबे पडत होते.

"अरे सर!" त्यांना खरोखर आनंद झाला. "बघा ना, तुमचं ऐकलं मी. आता डाळ-बिळ बंद. सगळं स्लाइडवर. बोर्ड चालला नाही तर हे प्रिंट दाखवायचे. सोमवारी एका शाळेत डेमो आहे."

"छान," मी म्हणालो. "आधी कुठे दिला होता?"

"दोन ठिकाणी दिला. नाही झालं." त्या हसल्या. "एका शाळेत तो बोर्डच सुरू होईना. दुसरीकडे स्लाइड पुढे गेली, मी मागे राहिले. काय बोलायचं तेच आठवेना. मुलं जांभया देत होती सर. माझ्या वर्गात कधी कुणी जांभई दिली होती? पण म्हटलं, सवय नाही, होईल. पोरगी शिकवते मला. म्हणते, आई, माउस असा पकडतात का, बेलन आहे का तो?"

मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांची नोकरी मी घेतली होती हे मला माहीत होतं. पण त्यांना शिकवता येत होतं तेही मी काढून घेतलं होतं, आणि त्याबद्दल त्या माझे आभार मानत होत्या. पाच महिने ही बाई माझं खोटं घोकत होती, माझी पोरं जुळ्या बहिणी घोकतात तशी.

"मॅडम," मी म्हणालो, "ते डाळीचं मी खोटं सांगितलं होतं."

"कोणतं?"

"तुमचा पाठ उत्तम होता. मी तसं लिहिलंय तक्त्यावर. गुणही तुम्हालाच जास्त होते. मी नंतर बदलले."

दुकानदार म्हणाला, "मैडम, लैमिनेशन भी करना है?"

"रुकिए भैया." त्या माझ्याकडे वळल्या. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नोकरीचा नव्हता.

"मतलब, डाळ बरोबर होती?"

"हो."

"आणि चिठ्ठ्या बदलल्या ते?"

"तेही. मला स्वतःला तो फरक त्या दिवशी कळला."

त्यांनी प्रिंट गोळा केले, काउंटरवर आपटून कडा सरळ केल्या.  मी पुढे बोलत सुटलो. मला किती वाईट वाटतं, झोप कशी लागत नाही, वगैरे. झोप मला लागत होती. त्यांनी ऐकून घेतलं.

"सांगून तुम्हाला बरं वाटलं असेल," त्या म्हणाल्या.

"नाही हो."

"वाटलं असेल सर. चेहरा बघा ना तुमचा, किती हलका झालाय." त्यांनी प्रिंटचं भेंडोळं पिशवीत कोंबलं. "मला नोकरी पाहिजे होती. ऑफिस शनिवारी दोनपर्यंत उघडं असतं ना?"

"असतं. पण मी सोमवारी स्वतः जाऊन संचालकांना..."

"सोमवारी तुम्ही विचार कराल. आजच चला."

दुकानदाराने लॅमिनेशनचं पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "नहीं करना। ये सब रद्दी है।"

त्या ई-रिक्षात बसल्या. मी स्कूटरवर मागोमाग. रिक्षावाला दर चौकात थांबून सवारी भरत होता आणि मीही थांबत होतो. वाटेत दोनदा मनात आलं, एखाद्या गल्लीत वळावं. मग फोन करून सांगता येईल, गाडी पंक्चर झाली. बावन्न वर्षांचा माणूस, विभागप्रमुख, आणि डोक्यात हे. दुसऱ्या वेळी रिक्षाच्या मागच्या सीटवरून त्यांनी वळून पाहिलं. मी आहे ना, एवढं पाहिलं आणि पुन्हा पुढे बघू लागल्या.

संचालक खोलीत एकटेच होते, शेव खात होते. आम्हा दोघांना एकत्र पाहून म्हणाले, "या या, मॅडम! कशा आहात? सरजी, शनिवारी कसे काय?"

 आधी जाऊन कपाट उघडलं, फाइल आणली, दोन्ही तक्ते त्यांच्यासमोर ठेवले. मग म्हणालो, "शेरे वाचा."

त्यांनी चष्मा लावला. शेरे वाचण्याची बहुधा त्यांची पहिलीच वेळ. एक वाचला, खालचा आकडा पाहिला. दुसरा वाचला. शेवेची बशी बाजूला केली.

"अरे, हे तर मिक्स-अप झालंय," ते म्हणाले. "क्लेरिकल. होतं ना सर असं? दोन कागद शेजारी असले की होऊन जातं. कुणाची चूक नाही."

माझीच सबब. पाच महिन्यांपूर्वी घडी घालून ठेवलेली. त्यांनी ती माझ्यासाठी उलगडून समोर धरली होती. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं आणि मग तिघंही सभ्य माणसं म्हणून चहा प्यायलो असतो.

"झालं नाही," मी म्हणालो. "मी केलं. खोडून, पेनाने. सूनबाई तुमच्या घरच्या म्हणून."

"मी काही बोललो होतो? एक लफ्ज?"

"नाही."

"मग? आपने अपनी मर्ज़ी से किया, और अब मेरे सिर?" त्यांचा आवाज चढला. ते खरंच बोलत होते, हेच तर वाईट होतं. ते काहीच बोलले नव्हते. ती त्यांची कला, न बोलण्याची. आणि न बोललेलं ऐकण्याची माझी. आमची दोन घराणी एवढ्यावर इथे तगून आहेत.

मॅडम आतापर्यंत उभ्याच होत्या. त्यांनी खुर्ची ओढली. "सर, तुमचं दोघांचं नंतर बोलून घ्या. मला माझी जागा पाहिजे."

"मॅडम, जागा भरली. आता तिला काढू?"

"त्यांना काढा असं मी म्हणत नाही. त्यांचं काय चुकलं? त्यांना पण कुणी सांगितलं तसं त्यांनी केलं. माझं बघा."

संचालकांनी टेबलावर बोटं वाजवली. "सहावी-सातवीचं इंग्रजी आहे. मार्चपर्यंत. तात्पुरतं."

"परत तेच?"

"सध्या तेवढंच आहे हो."

"मग लिहून द्या. पुढची पक्की जागा निघेल ती माझी, डेमोशिवाय. डेमो माझा झालाय, तो यात आहे." त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं.

"असं कसं लिहून देता येईल? कमिटी असते, नियम असतात."

मॅडमनी पिशवीतून मोबाइल काढला आणि दोन्ही तक्त्यांचे फोटो घेतले. घाई केली नाही. आधी एक कागद सरळ केला, मग दुसरा. "पालकांच्या ग्रुपमध्ये मी अजून आहे," त्या म्हणाल्या. "काढायचं विसरलात तुम्ही."

संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी मी काहीतरी गुळगुळीत बोलून दोन्ही बाजू सांभाळतो, अशी त्यांना बावीस वर्षांची खात्री. मला खरंच एक वाक्य सुचलंही होतं. मी ते गिळलं. यात शौर्य काही नाही, माझी जीभ कोरडी पडली होती.

मग त्यांनी लेटरहेड ओढलं आणि लिहायला घेतलं. मॅडमनी मसुदा दोनदा वाचला. 'शक्यतो' हा शब्द खोडायला लावला. तारीख घालायला लावली. सोमवारपासून रुजू. तात्पुरत्याच. गेलेले पाच महिने कुठे लिहिलेले नव्हते, ते कोण भरून देणार हे कुणी विचारलंही नाही. मी केलेल्या नुकसानीचा निम्मासुद्धा भाग त्या कागदात नव्हता, आणि तो कागदही माझ्यामुळे मिळाला नव्हता, त्यांनी तो मिळवला होता.

सही करून झाल्यावर संचालकांचा सूर बदलला. पुन्हा पहिल्या रांगेतला आवाज. "सरांचे आभार माना बरं का, मॅडम. स्वतःहून येऊन कबूल करणारं कोण असतं आजकाल? बड़ी बात है."

लिहायला लाज वाटते, पण मी वाट पाहिली. आभारांची नाही म्हणता येणार, पण काहीतरी. एखादी मान हलवणं, 'जाऊ द्या सर' असं काही. ते मिळालं असतं तर मी ते घरी नेलं असतं आणि वर्षभर पुरवलं असतं.

मॅडमनी पत्राची घडी केली, पर्समध्ये ठेवली, चेन ओढली. मग माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता. वर्गात उगाच रेंगाळणाऱ्या मुलाशी बोलावं तसा आवाज होता.

"तुम्ही निघा सर. तुमचा तास असेल."

शनिवारी तास नसतो हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी उठलो आणि गेलो.